चौथ्या दाराची बेल

दार उघडलं आणि कादंबरीनं तोंड उघडायच्या आतच समोरचा माणूस म्हणाला, "या ना, आत या."

ती दचकलीच. गेल्या चार दिवसांत नवीन पनवेलमधल्या साठ-सत्तर दारांनी तिला नाना परींनी वाटेला लावलं होतं. कुणी जाळीच्या दाराआडून "आमच्याकडे आहे" म्हणालं होतं, काय आहे ते न विचारताच. कुणी "मिस्टर घरी नाहीत" म्हणालं आणि मागून मिस्टरच खोकले. पण "या ना" काही कुणी म्हणालं नव्हतं.

"मी काही विकायला नाही आले," ती सवयीनं म्हणाली.

"मग तर नक्कीच या. विकत घेतलेलं इथे काय कमी आहे!"

तीस-बत्तिशीचा असेल. उंच, केस विस्कटलेले, शर्टाचं एक बटण भलत्याच काजात. शनिवारची दुपार होती आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद, की जणू हिच्याच वाटेकडे डोळे लावून बसला होता. कादंबरीनं गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं आणि पाठ केलेलं सगळं म्हणून टाकलं. महापालिकेची निवडणूक आलीय. त्याआधी रहिवासी महासंघ वॉर्डातल्या उमेदवारांना एका व्यासपीठावर समोरासमोर बोलायला बसवणार आहे. अशा चर्चेनं लोकांचं मत बदलतं का, एवढंच एका अभ्याससंस्थेला बघायचंय. एकदा चर्चेआधी विचारायचं, एकदा चर्चेनंतर. माणूस तोच, प्रश्नही तेच.

"म्हणजे तुम्ही परत येणार?"

"दुसऱ्या फेरीला... हो."

"मग विचारा," तो म्हणाला आणि त्यानं सोफ्याकडे हात केला.

बसताना सोफा करकरला. दुकानातलं प्लास्टिक त्यावर अजून तसंच होतं. दोन दारांच्या फ्रिजवर कंपनीचे स्टिकर होते. वॉशिंग मशीन तर खोक्यातच होतं आणि खोक्यावर इस्त्रीचे कपडे. आतल्या खोलीत डबलबेड दिसत होता, अर्ध्या भागावर चादर, उरलेला अर्धा प्लास्टिकमध्ये. लोकांच्या घरात डोळे फार फिरवू नयेत म्हणून कादंबरीनं फॉर्मवर नजर आणली.

"नाव?"

"सत्यजीत. तुमचं?"

"ते फॉर्ममध्ये नाही."

"गळ्यात आहे की." त्यानं मान तिरकी करून वाचलं. "कादंबरी... किती पानांची?"

"बारा प्रश्नांची," ती म्हणाली आणि ओठ दाबून हसू आवरलं.

तो कळंबोलीला एका कंटेनर यार्डात कागदपत्रं बघत होता. मूळचा साताऱ्याकडचा. पनवेलला येऊन तीन वर्षं झालेली. मत कुणाला द्यायचं ते ठरलंय का, या प्रश्नावर तो डोकं खाजवायला लागला.

"पर्याय वाचते," ती म्हणाली. "अगदी ठाम, बऱ्यापैकी ठाम, बदलू शकतं, अजून ठरलेलं नाही."

"अजून ठरलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटून चालत नाही. मान डोलवायलासुद्धा बंदी आहे."

"आणि भुवई उडवायला?"

"तीही बंद."

"मगाशी उडवलीत की... फ्रिज बघून."

कादंबरीचे कान तापले. तिनं घाईघाईनं पान उलटलं. नववा प्रश्न होता, घरातल्या कोणत्या वस्तू सध्या हप्त्यावर आहेत? हप्त्यांची काळजी मतापर्यंत पोचते का, हेही संस्थेला हवं होतं. या प्रश्नावर हमखास खोटं ऐकायला मिळायचं. "आमचं सगळं रोख बरं का," असं म्हणणाऱ्या बाईंचा फोन वसुलीवाल्यानं त्याच वेळी वाजवलेला तिनं ऐकला होता.

सत्यजीत मात्र म्हणाला, "लिहा." आणि सांगत गेला. फ्रिज, मशीन, टीव्ही, एसी, सोफा, बेड. महिना किती जातो ते सांगितलं, पगार किती ते सांगितलं. अजून सव्वीस महिने.

"लग्न ठरलं होतं," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "तिनं यादी दिली, मी दुकानात गेलो. शून्य टक्के व्याज म्हणाले. अर्ध्या तासात सह्या! मग तिला वाटलं... नको. वाईट नव्हती हो मुलगी, उगाच खोटं कशाला बोलू? पण लग्न मोडता येतं, हप्ते नाही मोडता येत."

कादंबरीचं पेन थांबलं. आतापर्यंत बरं वाटत होतं तिला या करकरत्या सोफ्यावर. एकदम वाटेनासं झालं.

त्याला कारण होतं. तिचे वडील, कमलाकर, उरणजवळ मोऱ्याला राहायचे आणि हौशी होते. टीव्ही आला, मोटरसायकल आली, आईला मिक्सर आला. सगळं हप्त्यावर. मग फोन यायला लागले. आधी वडिलांना, मग आईला, मग शेजाऱ्यांना. आईनं धक्क्यावर मासळी आणायला जाणंही सोडलं, कारण वाटेत कुणी तरी हटकून विचारायचं. वडील गेल्यावर शेवटचा हप्ता कादंबरीनं भरला, तेव्हा मिक्सर केव्हाच भंगारात गेला होता. त्या दिवशी तिनं ठरवलं, हप्त्यांच्या माणसाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. आता एकोणतीस वर्षांची होती आणि या एका मतावर अगदी ठाम होती. त्यापायी दोन स्थळं तिनं परत पाठवली होती आणि जुन्या पनवेलच्या बाजारामागे एका खोलीत एकटी राहत होती.

"चहा?" सत्यजीतनं विचारलं.

नको म्हणायचं होतं, पण तो उठलाही होता. फ्रिजवरच्या खोक्यातून त्यानं नवा कप काढला, धुतला. सहा कपांच्या सेटमधला एकच कप बाहेर होता, तो त्याचा.

"दुसरा आजच लागला," तो म्हणाला. मग जरा ओशाळून, "खरं सांगू? शुक्रवारी ऑफिस सुटल्यापासून मी तोंडातून काढलेलं पहिलं वाक्य म्हणजे तुम्हाला म्हटलेलं 'या ना'."

कादंबरीचंही तसंच होतं. दिवसभर दारोदार बोलायची, पण ते छापील प्रश्न. स्वतःचं असं एक वाक्य ती कित्येक दिवसांत कुणाशी बोलली नव्हती.

खिडकीतून धुराचा वास आला. पलीकडच्या मोकळ्या जागेत कुणी पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, मडकं उपडं घालून भोवती जाळ. थंडी पडली की पनवेलभर हाच वास.

"तीन हिवाळे नुसता वास घेतोय," सत्यजीत म्हणाला. "एकट्यासाठी मडकं कोण लावणार?"

"तीन वर्षं पनवेलमध्ये आणि पोपटी नाही खाल्ली?" कादंबरी ताडकन म्हणाली. "तुमचं नाव मतदार यादीतून काढायला हवं!"

तो खळखळून हसला. तीही हसली, आणि मग लक्षात आलं की वीस मिनिटांच्या फॉर्मला तिनं सव्वा तास लावलाय. ती उठली. दारात त्यानं विचारलं, "दुसरी फेरी कधी?"

"चर्चा रविवारी. त्यानंतरच्या बुधवारी येईन."

लिफ्टमध्ये तिनं स्वतःला बजावलं, सव्वीस हप्ते आहेत, कादंबरी. सव्वीस.

*

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर चारशे खुर्च्या मांडल्या होत्या आणि दीडशे माणसं होती. कादंबरी कडेला उभी राहून नोंदी करत होती. कुणी तरी तिच्याशेजारी खुर्ची आणून ठेवली.

"बसा. उभ्यानं कुणाचं मत बदलत नाही," सत्यजीत म्हणाला. आज बटणं जागच्या जागी होती. त्यानं स्वतःलाही एक खुर्ची ओढली. "बरं का, माझं जवळजवळ ठरत आलंय..."

"सांगू नका!" तिनं कानांवर हात ठेवले. "बुधवारपर्यंत मी ऐकू शकत नाही. नियम आहे."

"ऐका, फक्त लिहू नका."

"ऐकलं की मनात लिहिलं जातं."

हे बोलून तिनं हात खाली घेतले. कोवळं ऊन दोघांच्या खुर्च्यांच्या मधोमध पडलं होतं, आणि दोघं त्याच्याकडेच बघत राहिले.

चर्चा सुरू झाली. पाणी झालं, खड्डे झाले, पार्किंग झालं. मग प्रेक्षकांच्या चिठ्ठ्या निघाल्या. सूत्रसंचालकानं एक वाचली, "शून्य टक्क्याच्या जाहिरातींना भुलून घरोघर हप्ते झालेत. वसुलीचे फोन शेजाऱ्यांना जातात. अशा माणसाला नीट सल्ला मिळेल अशी एखादी जागा तुम्ही वॉर्डात कराल का?" कादंबरीनं वळून पाहिलं. सत्यजीत स्वतःच्या चपलांकडे बघत होता. चिठ्ठी कुणाची ते तिला कळलं.

पहिले उमेदवार म्हणाले, हा विषय महापालिकेच्या अखत्यारीत येत नाही. दुसऱ्या बाईंनी पुन्हा पाण्यावर गाडी आणली. तिसऱ्यांनी माईक हातात घेतला, हसून चौफेर पाहिलं आणि म्हणाले, "मी एकच सांगतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत!"

टाळ्या पडल्या. हशा झाला. मागून कुणी शिट्टीही मारली.

"अंथरुणाचाच हप्ता चालू आहे," सत्यजीत हळूच पुटपुटला. हसण्याचा प्रयत्न केला त्यानं, पण चेहरा उतरला होता.

आणि कादंबरीला राग आला. इतका, की वही मिटली गेली. हेच वाक्य ती स्वतः वर्षानुवर्षं म्हणत आली होती, वडिलांच्या फोटोसमोरसुद्धा. आज ते दुसऱ्याच्या तोंडून, टाळ्यांच्या गजरात ऐकलं आणि तिला ते फार स्वस्त वाटलं. एका माणसानं धीर करून विचारलं होतं, आणि दीडशे जणांनी त्याचं हसं केलं.

तिचा हात खुर्चीच्या कडेवर होता. त्याचाही. बोटांमध्ये वीतभर अंतर होतं. तिनं हात हलवला नाही, मागेही घेतला नाही.

चर्चा संपली तशा एक ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाई तरातरा आल्या. "तूच ना ती सर्वेक्षणवाली? मी शशिकला, तीनशे पाचमधली, निवृत्त शिक्षिका. अगं, आमच्या मजल्यावर आलीस आणि माझ्याकडे आली नाहीस? सेक्रेटरींनी नियम सांगितला होता, लिफ्टपासून उजवीकडे प्रत्येक पाचवं दार. मी साडी बदलून बसले होते!"

"पण काकू, पाचवं दार तीनशे चार..."

"तीनशे चार चौथं! मध्ये ते विजेच्या मीटरचं दार आहे. त्यात काय माणसं राहतात?"

कादंबरीच्या पायाखालची वाळू सरकली. डोळ्यांसमोर तो मजला आला. तीन घरं, मग ते करडं अरुंद दार, मग सत्यजीतचं. तिनं मीटरना बिऱ्हाड धरलं होतं. सत्यजीत खुर्च्या परत ठेवायला गेला होता, त्यानं हे ऐकलं नाही.

*

"रद्द," मनिषाताईंनी दुपारी फॉर्मवर आडवी रेघ मारली. त्या अभ्याससंस्थेत कादंबरीच्या वरच्या. माणूस चांगला, नियमाला कडक. "तीनशे पाचला आता विचारून उपयोग नाही, चर्चा होऊन गेली. एक नमुना कमी पडला. आणि तीनशे चारला दुसऱ्या फेरीला जायचं नाही. त्यांचा फोन नंबरही वापरायचा नाही, कळलं?"

"कळलं."

सुटलेच की, असं तिनं स्वतःला सांगितलं. सव्वीस हप्त्यांच्या घरी जायचं कारणच उरलं नाही. तो काही तिला शोधू शकणार नव्हता, त्याच्याकडे तिचा नंबरही नव्हता. ती गेली नाही तर संपलं. इतकं सोपं होतं.

बुधवारी तिनं त्याच सोसायटीच्या दुसऱ्या इमारतीत चार फॉर्म भरले. निघताना मान वर करून पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी सताड उघडी होती. ती भराभर चालत रिक्षा स्टँडवर आली.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. दुसऱ्या फेरीचे आकडे आले. बहुतेकांचं मत होतं तिथेच होतं. "एवढी चर्चा, पण माणसं जागची हलत नाहीत बघ," मनिषाताई म्हणाल्या. कादंबरीनं आकडे फाइलला लावले. खोलीवर येऊन तिनं एका वाटीची डाळ लावली, एकटीनं जेवली, एक ताट धुतलं. ही शांतता तिनं मोठ्या अभिमानानं कमावली होती. कुणाचं देणं नाही, कुणाचा फोन नाही. त्या आठवड्यात मात्र ती शांतता तिला खायला उठली. दार वाजलं तर आपणही "या ना" म्हणू, कोणीही असो, असं तिला वाटलं, आणि रडू आलं.

शनिवारी संध्याकाळी तिनं मोऱ्याला आईला फोन लावला.

"आई, बाबांचे हप्ते किती होते, तुला ठाऊक होतं?"

"कधी सांगितलं त्यांनी? विचारलं की म्हणायचे, होईल गं. एकदा आकडा सांगितला असता तर मी बांगड्या काढून दिल्या असत्या. मला राग हप्त्यांचा नव्हता, कादंबरी." मग नेहमीच्या आवाजात, "जेवलीस का?"

फोन ठेवल्यावर कादंबरी कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. एक माणूस होता, ज्यानं पहिल्या वीस मिनिटांत एका परक्या मुलीला अख्खा आकडा सांगितला होता. पगारासकट. आणि तिनं तो नुसता लिहून घेतला होता.

*

रविवारी सकाळी बाजारात तिनं किलोभर वालाच्या शेंगा घेतल्या. शेंगावालीनं वर भांबुर्डीची जुडी दिली. "मडकं हाय ना घरी?" तिनं विचारलं.

"नाय," कादंबरी मोऱ्याच्या बोलीत उतरली. "कुकरमध्ये लावीन."

"कुकरमध्ये!" शेंगावालीनं कपाळाला हात लावला. "बरं बाय, कर काय ते."

लिफ्टमधून बाहेर पडून ती उजवीकडे वळली. दारं मोजली. बेल वाजवली.

दार उघडलं. सत्यजीत तिच्याकडे बघत राहिला. या वेळी त्यानं "या ना" म्हटलं नाही.

"बुधवारी अर्धी रजा टाकली होती मी," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. "गुरुवारी वाटलं उशीर झाला असेल. शुक्रवारी मग दूध एकट्यापुरतंच आणलं."

"तुमचा फॉर्म रद्द झाला."

"का?"

"मी मोजायला चुकले होते. मीटरचं दार घर म्हणून धरलं. यायचं होतं शशिकलाबाईंकडे. तुम्ही यादीत नव्हतातच कधी."

"अच्छा..." त्यानं चौकटीवर हात टेकला. "म्हणजे ती पहिली फेरीसुद्धा चुकूनच."

"हो."

त्याच्या मागे खोली दिसत होती. सोफ्यावरचं प्लास्टिक काढलं होतं. निळ्या रंगाचा होता सोफा. टेबलावर दोन कप पालथे घातले होते, धुऊन.

"माझं ठरलं होतं," तो हळूच म्हणाला. "उमेदवाराचं नाही... ते अजून डळमळीतच आहे. दुसरं. तुम्ही चहाला नको न म्हणता बसून राहिलात ना, तेव्हाच. बुधवारी सांगणार होतो. तुमच्या फॉर्ममध्ये जागा नसती, तरी."

कादंबरीच्या हातातली पिशवी जड झाली. भांबुर्डीचा उग्र, हिरवा वास दोघांच्या मधे भरून राहिला होता.

"एक आधीच सांगतो," तो घाईनं म्हणाला. "पंचवीस राहिलेत. या महिन्याचा परवा भरला. मशीन विकायला काढलंय, गेलं तर त्याचा हप्ता तरी संपेल. बाकीचे आहेतच. मी ते लपवून..."

"माहीत आहे. लपवत नाही तुम्ही," ती म्हणाली. "हप्ते असलेल्या माणसाबद्दल माझं एक मत होतं. अगदी ठाम."

"आणि आता?"

तिनं नुसती पिशवी पुढे केली. त्यानं आत डोकावून पाहिलं, शेंगा पाहिल्या, आणि त्याचा चेहरा हळूहळू असा उजळला की तिला बघवेना. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. तो पुन्हा बिचकला.

"पण तुम्ही... शशिकलाबाईंकडेच जायला निघाला होतात ना? त्यांचं राहिलं होतं म्हणून? पुन्हा मोजण्यात काही..."

"नाही." कादंबरीनं चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या. "या वेळी मीटरचं दार सोडून मोजलं. दोनदा मोजलं. पाचवं दार त्यांचं आहे, सत्यजीत. मी चौथ्याची बेल वाजवलीय."